स्टार, आठ, दोनशे सतरा

आमचं ऑफिस पावण्याला
आणि तो फोन यायचा पावणेसहाला.
ह्या योगायोगावर हेरवाडकर वर्षातून एकदा हसायचे,
बहुधा मार्चअखेर,
हसण्यासारखं बाकी काही नसताना.

मग त्यांची बदली झाली सिल्वासाला.
खुर्ची अकाउंट्सवाल्यांनी नेली, कॅलेंडर राहिलं,
दोनशे सतरा नंबरचा फोन राहिला
आणि वाजत राहिला, रोज, पावणेसहाला.

आम्ही सात जण. सगळे त्याच्याकडे बघायचो,
बसस्टॉपवर परकं मूल रडताना बघतो तसे:
असेल आई इथेच कुठेतरी.
आठ वेळा वाजायचा. मोजलंय मी.
मग शांतता, आणि पट्टीवर लाल ठिपका:
सुटलेले, एक.
शुक्रवारपर्यंत पाच.
सोमवारी साफसफाईवाला फडकं मारायचा
आणि ठिपका काही पुसला जायचा नाही.

फोन बसवायला आलेला हेमंत मढवी, घणसोलीचा,
खांद्यावर वायरचं वेटोळं, कानावर पेन्सिल.
त्यानं सगळ्यांना उभं करून शिकवलं होतं,
"उठून जायचं नाय. आपल्या जागेवरनं खेचायचा.
स्टार, आठ, मग ज्याचा वाजतो त्याचा नंबर."
आणि तसं लिहून चिठ्ठी चिकटवली माझ्या टेबलावर.
इतरांच्या काचेखाली देव होते, मुलं होती.
माझी काच रिकामी होती.

एका बुधवारी, चौथ्या घंटेला, मी स्टार दाबलं.
आठ. दोन. एक. सात.
पलीकडचं वाजणं मध्येच तुटलं
आणि माझ्या कानात एक माणूस उघडला.

"हं, लिहा. चार पॉइंट दोन. बेअरिंग कोमट. आवाज चढलाय जरा."

कोण बोलतंय?

थोडा वेळ नुसतं यंत्र ऐकू आलं त्याच्या पाठीमागचं.
"कुरकुंभहून. खिलारे. साहेब नाहीत?"
म्हटलं, साहेब आता इथे नसतात.
"मग तुम्ही लिहा," म्हणाला,
आणि ठेवून दिला.

खणात वही सापडली. अकरा वर्षांची.
पंप क्रमांक तीन, आपणच विकलेला,
वॉरंटी संपून जमाना झालेला.
तारीख, आकडा, गरम की कोमट,
क्वचित एखादी ओळ:
'खिलारे रजेवर, मुलीचं बारसं.'
एका पानावर फक्त 'आज फोन नाही',
खाली दोन रेघा, कागद फाटेल इतक्या दाबून.
दुसऱ्या दिवशी: 'आला. ३.९.'
ह्या आकड्यांचं कुणी पुढे काही केल्याचं
एकाही फाइलीत दिसत नाही. मी शोधलं.

मग मीच लिहायला लागले.
कधी वाटायचं, विचारावं, हे कशासाठी?
पण मग त्यांनीही मला तेच विचारलं असतं.

काल गेटवर ट्रक अडकला. चलनावर वजन एक, काट्यावर दुसरं.
ड्रायव्हर खाली उतरेना, वॉचमन वर सोडेना.
मी धापा टाकत वर आले तेव्हा सव्वासहा.
दोनशे सतराची पट्टी पाहिली. ठिपका नाही.
म्हणजे वाजलाच नाही.
'आज फोन नाही' लिहायला वही ओढली
तर ओळ आधीच भरलेली,
खोक्यांवर पत्ते लिहायच्या जाड मार्करनं,
मागच्या तीन पानांवर उमटलेली.

रेहाना. पॅकिंगची.
वर येते ती फक्त सहीपुरती,
फोनला हात लावताना तिला कुणी पाहिलेलं नाही.
मढवीच्या चिठ्ठीवर, आठच्या आकड्यावर,
डिंकाचा ओला ठसा होता.

'४.१. कोमट.
ताई कुठे विचारलं. गेटवर सांगितलं.
आवाज बसलाय म्हणाले.
पंपाचा का त्यांचा
ते विचारायचं राहिलं.'